नाव नसलेली कावीळ

१९५५ च्या पावसाळ्यात यमुनेला मोठा पूर आला. तो ओसरला तेव्हा दिल्लीजवळ नदीने आपली धार सरकवली होती. शहराचे पिण्याचे पाणी वजिराबादला उपसले जाई आणि नजफगड नाला त्याच्या खालच्या अंगाला नदीला मिळे. पाणी वर घ्यायचे आणि मैला खाली सोडायचा, अशी ही साधी व्यवस्था होती. ती नदी जागची हलणार नाही, या भरवशावर उभी होती. नोव्हेंबरच्या मध्याच्या सुमारास नाल्याचे पाणी उलटे फिरले आणि उपशाच्या जागेपर्यंत येऊन ठेपले. जलकेंद्रावरच्या लोकांना हे कळले नाही असे नाही. त्यांनी त्या काळच्या पुस्तकात सांगितलेला उपाय केला, म्हणजे क्लोरीन वाढवला.

क्लोरीनने जिवाणू मारले. दिल्लीत टायफॉइड वाढला नाही, हगवणही वाढली नाही. काही आठवडे सगळे निभावले असेच वाटले असणार. डिसेंबर लागला आणि शहरभर माणसांचे डोळे पिवळे पडू लागले. अन्नावरची वासना उडालेली, लघवी गडद, अंगात त्राण नाही. जानेवारीअखेर साथ ओसरली, तोपर्यंत सुमारे २९ हजार लोकांना उघड कावीळ झाली होती. नाला उलटला तो दिवस आणि पहिल्या रुग्णांचे दिवस यांच्यात अंतर होते काही आठवड्यांचे. एवढ्या मोठ्या शहरातले इतके लोक एकाच वेळी, एकाच ठिकाणच्या पाण्याने आजारी पडल्याची इतकी नेमकी नोंद त्याआधी जगात क्वचितच झाली असेल. त्यामुळे दिल्लीची ही साथ वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली. तिचा तपास डॉ. आर. विश्वनाथन यांनी केला आणि १९५७ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ने त्यावर स्वतंत्र पुरवणी काढली.

त्या पुरवणीत नायडू आणि विश्वनाथन यांचा एक छोटा लेख आहे. दिल्लीच्या साथीतल्या गर्भवतींवर लिहिलेला. बाकीच्या शहरात या काविळीने फार माणसे मेली नाहीत; हजारामागे एखादा, इतकेच ते प्रमाण. गर्भवतींचा हिशेब मात्र वेगळाच निघाला. त्यांच्यात मृत्यू कितीतरी पटींनी जास्त होते, आणि शेवटच्या महिन्यांतल्या बायकांना आजार सर्वांत जड गेला. गर्भपात, अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे, पोटातच गेलेली मुले, हे सगळे त्याच्या जोडीला होते.

हा लेख आज वाचताना वाटते की उत्तर तेव्हाच टेबलावर पडले होते. हा नेहमीचा रोग नव्हता. आपल्याकडे नेहमीची कावीळ लहान मुलांना व्हायची आणि बहुतेकदा कुणाच्या लक्षातही न येता बरी व्हायची. इथे आजारी पडली ती तरणीताठी माणसे, आणि मेल्या त्या गर्भवती. पण ‘संसर्गजन्य कावीळ’ हे एकच नाव हाताशी होते आणि सगळे त्यात कोंबले गेले. गर्भवती मेल्या त्याचे कारणही तयार होते: बायका अशक्त, खायला नीट नाही, रक्त कमी, बाळंतपणे लागोपाठ. यातले काहीच खोटे नव्हते, म्हणूनच ते कारण पंचवीस वर्षे टिकले. बाईच्या अंगात दोष सापडला की पाण्यात शोधायची निकड उरत नाही.

दिल्लीची निदान नोंद तरी झाली; खेड्यांची तेवढीही नाही. त्या हिवाळ्यात मराठवाड्यातला परभणी जिल्हा अजून हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो मुंबई राज्यात आला. गंगाखेड तालुक्यातले राणीसावरगाव आणि त्याच्या भोवतीचा बालाघाटचा डोंगरपट्टा इथे कावीळ कशी आली, कुणाच्या घरी आली, याचे पुरवणीत छापण्यासारखे कागद कुणी केले नाहीत. मराठवाड्यातल्या खेड्यांत काविळीचा माणूस दवाखान्यात जायचाच नाही, तो ‘कावीळ उतरवणाऱ्या’कडे जायचा, आणि आजही जातो. उतरवणारा हाताला चुना चोळतो, हात ताटातल्या पाण्यात धुवायला लावतो आणि पाणी पिवळे होते. अंगातली कावीळ पाण्यात उतरली, हे डोळ्यांनी दिसते. आंब्याच्या सालीचा रस आणि चुना एकत्र आले की पिवळा रंग येतो, हे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव करून दाखवतात. चांगल्याभल्या माणसाचे हात धुतले तरी पाणी तितकेच पिवळे होते. दुसरा प्रकार माळेचा. झाडाच्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात अशा गाठींनी ओवतात की काड्या वाळून आकसल्या की गाठी सैल पडतात आणि माळ लांबत जाते. माळ पोटाखाली उतरली की कावीळ उतरली.

या उपायांना टाळ्या मिळतात, कारण बहुतेक कावीळ आपोआपच उतरते. तीन-चार आठवडे पथ्य, विश्रांती, आणि माणूस हिंडूफिरू लागतो. श्रेय माळेला जाते. आठवा महिना लागलेल्या बाईच्या बाबतीत हा हिशेब चुकतो. तिच्या हातात आठवडे नसतात. आज डोळे पिवळे, आठवड्याभरात बरळणे, मग झोप, मग शुद्ध हरपणे, आणि बाळंतपणात न थांबणारा रक्तस्राव. यकृत निकामी झाले की रक्त गोठवणारे घटक तयार होत नाहीत, एवढे साधे आणि एवढे भयंकर आहे ते. अशी बाई गेली की गावात म्हणत, ‘बाळंतपणात गेली.’ काविळीच्या खात्यावर ती कधी मांडलीच गेली नाही.

गोष्ट पुढे सरकली ती पुण्यात, बर्फाच्या कपाटांत.

१९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले. १९७८ मध्ये त्याचे नाव राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाले. तिलाच आपण एनआयव्ही म्हणतो. कोविडच्या काळात हे नाव घराघरांत पोचले, पण संस्थेची खरी कमाई त्याच्या कितीतरी आधीची आहे. साथ आली की तिथे जायचे, रक्ताचे नमुने घ्यायचे आणि ते गोठवून ठेवायचे, ही तिथली शिस्त. आज ज्याची तपासणी करता येत नाही त्याची उद्या येईल, या हिशेबाने. १९७५-७६ मध्ये अहमदाबादेत काविळीची मोठी साथ आली, तिचेही नमुने असेच जमा झाले. डॉ. खोर्शेद पावरी तेव्हा पुण्यात काम करत होत्या. पुढे त्या संस्थेच्या संचालक झाल्या.

अमेरिकेत १९७३ मध्ये ‘अ’ काविळीचा (हिपॅटायटिस ए) विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. त्यावरून रक्ताची चाचणी निघाली. आता जुन्या नमुन्यांना प्रश्न विचारता येत होता. अमेरिकेतल्या डोरिस वाँग, रॉबर्ट पर्सेल आणि पुण्याचे एम. ए. श्रीनिवासन, एस. आर. प्रसाद, पावरी यांनी तो विचारला. दिल्लीचे नमुनेही जपलेले होते. १९८० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये उत्तर छापून आले. या साथी ‘अ’च्या नव्हत्या आणि ‘ब’च्याही नव्हत्या. या माणसांना ‘अ’ कावीळ लहानपणीच होऊन गेली होती, तिची प्रतिकारशक्ती त्यांच्या रक्तात जुनी होऊन पडली होती. त्यांना आजारी पाडणारा कुणी तिसराच होता. पंचवीस वर्षे जगभरच्या पुस्तकांत ‘अ’ काविळीचे ठळक उदाहरण म्हणून शिकवलेली दिल्लीची साथ ‘अ’ची नव्हतीच.

त्याच सुमारास काश्मिरात एक तरुण डॉक्टर वेगळ्या वाटेने तिथेच पोचला होता. नोव्हेंबर १९७८ मध्ये गुलमर्गच्या परिसरातल्या गावांत कावीळ पसरली. मोहम्मद सुलतान खुरू गावोगाव हिंडून घरटी नोंदी करू लागले. पुढच्या काही वर्षांत त्या खोऱ्यात सुमारे ५२ हजार रुग्ण आणि १,७०० मृत्यू झाल्याचा अंदाज त्यांनी मांडला. पण त्यांचे सर्वांत मोलाचे काम एका छोट्या तक्त्यात आहे. साथीच्या गावांतल्या गर्भवती आणि त्याच वयाच्या, दिवस न गेलेल्या बायका त्यांनी शेजारी शेजारी मांडल्या. गर्भवतींपैकी १७.३ टक्क्यांना कावीळ झाली, इतर बायकांत २.१ टक्क्यांना. आजारी गर्भवतींपैकी २२ टक्क्यांचे यकृत झपाट्याने निकामी झाले. इतर बायकांत असे एकीलाही झाले नाही. त्याच गावच्या, तेच पाणी पिणाऱ्या, तेच अन्न खाणाऱ्या बायका. कुपोषणाचे जुने कारण इथे लंगडे पडले.

विषाणू मात्र अजून कुणी पाहिला नव्हता. अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत फौजेत अशीच कावीळ पसरली होती. मिखाईल बालायान या रशियन शास्त्रज्ञाने आजारी सैनिकांच्या विष्ठेचा अर्क दह्यात कालवून स्वतः घेतला. यथावकाश त्याला कावीळ झाली आणि स्वतःच्या विष्ठेत त्याने विषाणूचे कण शोधून काढले. १९८३ मध्ये हे प्रसिद्ध झाले. संशोधनाच्या इतिहासात असे वेडे धाडस गाजते. गुलमर्गच्या बर्फात दारोदार नोंदवह्या घेऊन फिरणे तितके गाजत नाही. माझ्या मते ते जास्त अवघड आहे.

महाराष्ट्राची पाळी १९८१ मध्ये आली. कोल्हापूर शहरात पाण्यातून काविळीची साथ फुटली आणि पुण्याहून श्रीनिवासन यांचा गट तपासाला गेला. ‘अ’ नाही, ‘ब’ नाही, हेच पुन्हा निघाले. १९८८ मध्ये एनआयव्हीच्या डॉ. विद्या अरणकल्ले यांनी पर्सेल आणि इतरांबरोबर भारतातल्या रुग्णांच्या नमुन्यांतून विषाणूसारखे कण दाखवले आणि माकडांत आजार उतरवून दाखवला. १९९० मध्ये अमेरिकेत विषाणूच्या जनुकाचा तुकडा हाती लागला आणि त्याला ‘हिपॅटायटिस ई’ हे नाव मिळाले. मग पुण्याची कपाटे पुन्हा उघडली. देशभरच्या १७ जुन्या साथींचे नमुने तपासले, तेव्हा १६ साथींत ‘ई’ निघाला. उरलेली अंदमानची साथ ‘अ’चीही नव्हती आणि ‘ई’चीही नव्हती. हा निबंध १९९४ चा. पुण्यातल्याच दुसऱ्या एका पाहणीत १९८२ आणि १९९२ चे नमुने वयाप्रमाणे मांडले. ‘अ’ची लागण बहुतेकांना शाळेत जायच्या आधीच होऊन गेलेली, ‘ई’ची मात्र लहानपणी कमी आणि तरुणपणी भराभर वाढत जाणारी. आपल्याकडे लग्न आणि पहिले मूल ज्या वयात होते, नेमक्या त्या वयात बाई या विषाणूला उघडी पडते.

पोटातल्या बाळाचे काय होते, हा भाग सर्वांत शेवटी उलगडू लागला आणि अजून पुरता उलगडलेला नाही. १९९५ मध्ये खुरूंनी शेवटच्या तिमाहीत आजारी पडलेल्या मातांची नवजात बाळे तपासली. बहुतेकांच्या रक्तात विषाणूची खूण सापडली. काही बाळे जन्मतः थंडगार, रक्तातली साखर खाली गेलेली होती. म्हणजे विषाणू आईकडे थांबत नव्हता, वार ओलांडून बाळाच्या यकृतात जात होता. पुढे खुद्द वारेच्या पेशींतच तो वाढतो, असे पुरावे दिल्लीच्या प्रयोगशाळेतून आले. वार नुसती गाळणी नसते. ती बाळाला प्राणवायू, साखर, लोह पोचवते, गर्भ टिकवणारी संप्रेरके तयार करते. तिथेच दाह सुरू झाला की बाळाची रसद तुटते. कळा वेळेआधी सुरू होतात, नाहीतर बाळ आतच दगावते. २००७ मध्ये दिल्लीच्या डॉक्टरांनी काविळीच्या २२० गर्भवतींचा अभ्यास छापला. ‘ई’ असलेल्यांत मातामृत्यू ४१ टक्के होते, इतर काविळीत ७ टक्के. ही रुग्णालयात पोचलेल्या, म्हणजे आधीच बिकट झालेल्या बायकांची आकडेवारी आहे. सबंध समाजासाठी जागतिक आरोग्य संघटना शेवटच्या तिमाहीत २० ते २५ टक्क्यांपर्यंतचा धोका सांगते. तोही काही कमी नाही.

गर्भवतीच का, याला एकच उत्तर नाही. गर्भ हा आईच्या शरीराला निम्मा परका असतो, त्याला सांभाळून घेण्यासाठी प्रतिकारशक्ती आपला पवित्रा बदलते, आणि विषाणूला ती फट मिळते, हे एक. संप्रेरकांची वाढलेली पातळी, हे दुसरे. फोलेटची कमतरता, हे तिसरे. शिवाय विषाणूच्या जातीही वेगळ्या आहेत. युरोपात डुकराच्या मांसातून येणारी तिसरी जात गर्भवतींना असे मारत नाही; आपल्याकडची पहिली जात मैल्यातून पाण्यात येते आणि वारेत सहज रुजते. इजिप्तमध्येही पहिलीच जात आहे, तरी तिथे गर्भवती अशा मरत नाहीत. या कोड्यापुढे अजून सगळे थबकले आहेत.

पाण्यातून गर्भाला पोचणारी इजा फक्त विषाणूची नसते. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यात बोअर आणि हातपंप आले. नारू संपवण्यात त्यांचा मोठा वाटा होता, पण खोलवरच्या पाण्याबरोबर काही भागांत फ्लोराइड आले आणि खतांच्या वाढत्या वापराबरोबर नायट्रेट आले. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटने सर्वाधिक ग्रासलेल्या देशातल्या पंधरा जिल्ह्यांत नांदेड आणि बीड ही परभणीच्या शेजारची दोन नावे आहेत. खत टाकायच्या हंगामात ज्यांचा गर्भ राहिला त्या भारतीय बालकांची प्रकृती सरासरीने कमकुवत निघते, असे ब्रेनर्ड आणि मेनन या अर्थतज्ज्ञांनी २०१४ मध्ये दाखवले. ही इजा संथ असते, तिची साथ येत नाही, बातमी होत नाही.

‘ई’ची बातमी होते. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत झाली. पावणेतीन लाखांवर वस्तीचे, मागांचे शहर. कोल्हापूरचे सांडपाणी वरून पंचगंगेत येत होते, इचलकरंजीच्या कापड-प्रोसेसचे रंगीत पाणी काळ्या ओढ्याने तिलाच मिळत होते. शहरात पिण्याच्या वाहिन्या जुन्या, गळक्या आणि गटारांना खेटून गेलेल्या. हजारो माणसे पिवळी पडली, मृत्यू झाले, निदान ‘ई’चेच निघाले. पंचगंगेचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले.

नळाचे पाणी नेमके कुठे नासते, ते आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या गावी पाहता येते. पाणी दिवसाआड किंवा आठवड्याने येते. ते थांबले की नळीतला दाब उतरतो आणि नळी रिकामी होते. जिथे चिरली असेल तिथून भोवतालचे गटार आत झिरपते. पाणी सुटायच्या वेळेला गल्लीत टिल्लू पंप सुरू होतात, ते नळीला ओढ लावतात आणि उरलेसुरले गटारही खेचून घेतात. पहिल्या पाच मिनिटांचे पाणी म्हणून गढूळ. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो, क्लोरीन उरला का ते पाहणारी ओटी टेस्ट करतो, टाकीजवळच्या नळाला रंग बरोबर येतो. गावाला हिरवे कार्ड मिळते. टोकाच्या वस्तीतल्या नळाला रंग येतो का, हे पाहायला जो जातो तो जलसुरक्षक नशिबाने मिळतो. शिवाय जिवाणू मेले म्हणजे विषाणू मेले असे नाही, हे दिल्लीने १९५५ मध्येच दाखवले आहे.

प्रत्येक साथीत रोज आकडे येतात: नवे रुग्ण इतके, मृत्यू इतके. पोटात गेलेल्या मुलांचा रकाना त्यात नसतो. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने उपजत मृत्यूसाठी वेगळा नमुना ठेवला आहे, नमुना क्रमांक ३. त्यात कारण लिहायला जागाही आहे. पण २८ आठवड्यांच्या आत गर्भ गेला तर त्या नमुन्यालाही तो दिसत नाही. खुरूंच्या काश्मिरी तक्त्यात दुसऱ्या तिमाहीतली लागण शेवटच्या तिमाहीइतकीच होती. म्हणजे जिथे नुकसान सुरू होते तिथे सरकारी नोंद अजून सुरूच झालेली नसते.

लस आहे. चीनमध्ये २०१२ पासून ती मिळते. साथ चालू असताना ती प्रथम वापरली गेली २०२२ मध्ये, दक्षिण सुदानमधल्या बेंटियूच्या विस्थापितांच्या छावणीत, आणि तिथे गर्भवतींनाही दिली. आपल्या लसीकरण कार्यक्रमात ती नाही. गर्भवतीला धनुर्वात-घटसर्पाची टीडी मिळते, लोहाच्या गोळ्या मिळतात आणि सल्ला मिळतो, पाणी उकळून प्या. सल्ला बरोबर आहे, उकळले की हा विषाणू मरतो. पण दसरा-दिवाळी झाली की गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाईला दिवस गेले म्हणून अर्धा कोयता घरी ठेवता येत नाही. कोपी पडते ती कारखान्याजवळच्या मोकळ्या रानात, पाणी जवळच्या कालव्याचे, ओढ्याचे किंवा शेतमालकाच्या विहिरीचे, प्लास्टिकच्या ड्रममध्ये भरून ठेवलेले. बाई पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापते तेव्हा चुलीत असते पाचट. भाकरीपुरते ते पुरते. हंडाभर पाणी उकळायला वेगळे जळण लागते, आणि ते गोळा करायला गाडी फडावर निघायच्या आधी तिच्याकडे वेळ उरत नाही.